म्हशीची गादी

रेश्माला काही फार मोठं नको होतं. तिला एकदा, फक्त एकदा, आपोआप जाग येईपर्यंत झोपायचं होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत तिला जाग अशी आलीच नव्हती. ती आणली जायची. सासूबाई, म्हणजे रंगूबाई, स्वभावाने तशा गरीब. झोपलेल्या सुनेला नाव घेऊन हाक मारणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून त्या अंधारात गोठ्यात जायच्या आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेताने म्हशीला म्हणायच्या, "उठ गं बाय, उजाडलं. लोकांच्या म्हशी डेअरीला दूध घालून माघारी बी आल्या." म्हैस केव्हाची जागी असायची. ती रवंथ थांबवून रंगूबाईंकडं बघायची, आणि निरोप आपल्यासाठी नाही हे लक्षात आलं की पुन्हा चालू करायची.

माहेरी लोणंदला गेलं तरी तेच. तिथं लेक पाहुणी आली म्हणून आई पहाटेच चहाचा कप घेऊन उशाशी उभी. "झोप गं तू. नुसता चा पी आणि झोप." चहा पिऊन माणूस झोपतो असं मानणाऱ्या घरात रेश्मा वाढली होती, आणि तरी ती इतकी शहाणी निघाली याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

मोठे दीर ऋषिराज फौजेत होते. जाऊबाई प्रियदर्शनी त्यांच्याबरोबर क्वार्टरमध्ये. तिथं दूध पिशवीतून येतं, असं त्या फोनवर सांगायच्या. पिशवीला उठवावं लागत नाही, हे त्या सांगायच्या नाहीत, पण रेश्माला ते ऐकू यायचं.

शेतातला ऊस तुटून कारखान्याला गेला आणि घरात जरा निवांतपणा आला. तेव्हा नवरा, वीरधवल, एका दुपारी मोठ्या मनाने म्हणाला, "कुठं तरी जाऊया फिरायला. सांग, कुठं जायचं?"

"जिथं मला कुणी उठवणार नाही तिथं," रेश्मा म्हणाली.

वीरधवलने यावर प्रामाणिकपणे विचार केला. हॉटेलात नाष्ट्यासाठी दार वाजवतात. पाहुण्यांकडं पाहुणेच आधी उठून बसतात. शेवटी त्याचं लक्ष अंगणातल्या पिकअपकडं गेलं. याच पिकअपमधून तो ढबू मिरची आणि टोमॅटो सांगलीच्या मार्केटला न्यायचा, आणि सौदे सुरू होईपर्यंत मागं हौद्यात ताडपत्री अंथरून झोपायचा.

"गुढे-पाचगणीच्या पठारावर गाडी लावू," तो म्हणाला. "मागं हौद्यात झोपू. वर आभाळ, खाली आपुन."

"आणि उठवणार कोण?"

"तिथं पवनचक्क्या हायत. त्या कुणाला काय बोलत न्हाईत."

ही पाचगणी वेगळी. साताऱ्याकडच्या पाचगणीला शाळा आहेत, स्ट्रॉबेरी आहे, पर्यटक आहेत. शिराळ्याच्या वरच्या या पाचगणीला वारा आहे. रेश्माला हीच पसंत पडली, कारण स्ट्रॉबेरीवाले पहाटे उठतात असं तिने ऐकलं होतं.

प्रश्न राहिला अंथरुणाचा. पिकअपच्या हौद्याचा पत्रा सपाट नसतो, त्याला उंचवटे असतात. त्यावर नुसत्या ताडपत्रीवर झोपलं की सकाळी पाठीला कोबा केल्यासारखं वाटतं आणि तो नीट वाळलेलाही नसतो. वीरधवलला सवय होती. रेश्मा म्हणाली, "मला अंथरूण पाहिजे. साधं. पण पाहिजे."

वीरधवलमध्ये एकच दोष होता. कुठलीही गोष्ट करण्याआधी तो तिचे व्हिडिओ बघायचा. परदेशातल्या कुणा दाढीवाल्याने आपल्या पिकअपच्या हौद्यात पलंग बसवला होता. पलंगाखाली ड्रॉवर होते, एका ड्रॉवरमधून स्वयंपाकघर बाहेर यायचं, आणि त्या स्वयंपाकघरातून आणखी एक, लहान स्वयंपाकघर बाहेर यायचं. वीरधवल हे जेवताना बघायचा आणि त्याचा घास हातातच राहायचा.

"सुतार म्हणतोय, प्लायमधी करून देतो," त्याने एक दिवस सांगितलं. "वर झोपायचं, खाली कप्पं."

"कप्प्यात काय ठेवायचं?"

"सामान."

"कसलं?"

वीरधवलने व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा बघितला. "स्क्रू-ड्रायव्हर," तो म्हणाला. "कप्पा अडकला तर."

"मला तिथं झोपायचंय," रेश्मा म्हणाली. "संसार मांडायचा नाही."

हे वाक्य तिला पुढं आठवणार होतं. पण तेव्हा तिने ते सहज म्हटलं आणि ताटं उचलली.

मग हवेची गादी आली. कुरिअरने आली, छान घडी घातलेली, निळी. पंप मात्र आला नाही. तेव्हा वीरधवल ती घेऊन फाट्यावर सिद्धूच्या पंक्चरच्या दुकानात गेला, आणि रेश्माही पिकअपमध्ये बसून गेली, कारण झोपणार ती होती.

सिद्धू जतकडचा. बोलायला कमी, कामाला चोख. त्याने कॉम्प्रेसरची नळी हातात घेतली, गादीकडं पाहिलं आणि धंद्यातला प्रश्न विचारला, "किती पौंड मारू?"

"गाडीला किती मारतोस?"

"मागच्या चाकाला साठ."

"मग तेवढंच मार की."

"झोपणार किती जण?"

"दोघं."

"मग बराबर हाय," सिद्धू म्हणाला. "तीस-तीस."

गादी आधी फुगली, मग ताठ झाली, मग गोल झाली. गोल झाल्यावर ती दुकानात मावेना. सिद्धूने काट्यावर नजर ठेवली होती. काटा साठच्या आसपासही नव्हता, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. मग एक आवाज झाला. फाट्यावरच्या चहाच्या टपरीतली माणसं बाकासकट मागं सरकली आणि एसटीची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्याने कानाला हात लावून विचारलं, "लगीन कुणाचं हाय?"

सिद्धूने गादीचा राहिलेला भाग हातात घेऊन उलटासुलटा केला. "पॅच बसतोय," तो म्हणाला. "पण लांबच्या पल्ल्याला भरवसा धरू नका."

घरी आल्यावर रेश्मा गोठ्यात गेली आणि तिथंच थांबली. गोठ्याच्या कोपऱ्यात जाड काळी रबरी मॅट उभी करून ठेवली होती. जनावराला खालून गारठा लागू नये, गुडघे सोलू नयेत म्हणून हल्ली गोठ्यात घालतात ती. सासऱ्यांनी, गुंडातात्यांनी, ती दिवाळीत हौसेने आणली होती. म्हशीने तिच्यावर एकदा पाय ठेवला, वास घेतला आणि ती नाकारली. दोन दिवस म्हैस मॅटच्या शेजारी मातीत बसली. तिसऱ्या दिवशी तात्यांनी मॅट उचलली. "तिला न्हाई पटत," एवढंच ते म्हणाले. या घरात म्हशीच्या मताला किंमत होती.

रेश्माने मॅट धुतली, उन्हात वाळवली आणि वीरधवलकडून हौद्यात टाकून घेतली. उंचवटे नाहीसे झाले. वर तिने एक वाकळ अंथरली, जुन्या लुगड्यांची, जड, दुसऱ्या कुठल्या भागात जिला गोधडी म्हणतात ती. पांघरायला दुसरी वाकळ. उशाला दोन उशा, दव पडलं तर वर ओढायला ताडपत्री. संपलं.

"एवढंच?" वीरधवल म्हणाला. त्याच्या आवाजात त्या दाढीवाल्याच्या ड्रॉवरांचं दुःख होतं.

"एवढंच," रेश्मा म्हणाली, आणि बघू तरी म्हणून हौद्यात चढून आडवी झाली. मॅट ना मऊ होती ना टणक. पाठीने तिच्याबद्दल काही तक्रार केली नाही. म्हशीला काय कळतंय, असं मनात म्हणत तिने डोळे मिटले.

शेजारच्या मनुबाईंनी कुंपणावरून हे बघितलं. भरदुपारी सून वाकळ घालून गाडीत झोपली आहे. त्यांनी रंगूबाईंना विचारलं, "आगं रंगू, सून गाडीत का झोपलीया?"

रंगूबाई म्हणाल्या, "पडली आसंल जरा." पण त्या पिकअपकडं बघत राहिल्या, आणि त्यांच्या हातातलं सूप पाखडायचं थांबलं.

याला कारण होतं. या घरात वाकळ गाडीत चढली की काय होतं, हे रंगूबाईंनी एकदा पाहिलेलं होतं. तात्यांचे धाकटे भाऊ लालासाहेब फार वर्षांपूर्वी एका सकाळी बैलगाडीत दोन वाकळा आणि एक स्टोव्ह घेऊन मळ्यात गेले होते. "चार दिवस हितं-तितं नको. रातीची लाईट हाय, उसाला पाणी पाजतो आन् येतो," असं म्हणून गेले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मळ्यात आता त्यांचं दुमजली घर आहे. या भागात भांडून वेगळं निघणारे लोक कमी. बहुतेक जण पाणी पाजायला जातात.

शनिवारी दुपारी निघायचं ठरलं. रेश्माने भाकरी केल्या, पिठलं केलं, खरडा केला. सकाळच्या चहासाठी एक छोटा स्टोव्ह, पातेलं आणि डबे घेतले. स्टोव्ह हौद्यात ठेवताना तिला मागं काही हालचाल जाणवली. रंगूबाई उभ्या होत्या. त्यांची नजर वाकळेवरून स्टोव्हवर आली आणि तिथंच खिळली.

"स्टो बी?" त्या म्हणाल्या.

"चहा करायला."

रंगूबाई आत गेल्या आणि मोठं पितळी पातेलं घेऊन आल्या. दहा माणसांचा भात होईल असं. "ह्ये असू दे."

"आत्या, आम्ही दोघंच आहे."

"आता दोगं. म्होरं काय दोगंच राहणार हाईसा व्हय?"

रेश्मा लाजली आणि पातेलं घेतलं. मग परात आली. मग तेलाची किटली, मग कळशी, मग चार ताटं, चार वाट्या. रंगूबाई एकेक वस्तू आणत होत्या, आणि ज्या वस्तूची जोडी असेल तिच्यातली एकच आणत होत्या. रेश्माला वाटलं, सासूबाईंना कॅम्पिंगची कल्पना फारच आवडली. मग रंगूबाई आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलल्या, आणि मनुबाईंच्या मदतीने पाटा घेऊन आल्या. दगडी पाटा. शिवाय मनुबाईंच्या पदरात वरवंटा.

"चटणी लागंलच की," रंगूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात गुंडातात्या गोठ्यातून बाहेर आले. ते कधी कुणाच्या मधे बोलायचे नाहीत. दावं हातात घेऊन ते वीरधवलपाशी उभे राहिले, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "म्हस नेतायसा का रेडकू?"

वीरधवल म्हणाला, "कुठं?"

"न्हाई, म्हस तुला पायजे आसंल तर ने. पर मग रेडकू हितं राहू दे. तुज्या आयला करमायचं न्हाई."

वीरधवलने म्हशीकडं पाहिलं, पिकअपकडं पाहिलं आणि मनातल्या मनात हौद्याची लांबी मोजू लागला. तो असाच होता. कुणी काही मनापासून विचारलं की आधी ते बसतंय का बघायचा. रेश्माने मात्र भरलेल्या हौद्याकडं एकदा नीट पाहिलं. निम्मी परात, निम्मी ताटं, निम्मा संसार. संसार मांडायचा नाही, हे आपलंच वाक्य तिला आठवलं.

त्याच वेळी फोन वाजला. ऋषिराज होते, फौजेच्या क्वार्टरमधून. वीरधवलने फोन कानाला लावला आणि त्या बाजूचा आवाज अंगणभर ऐकू आला. "वीर, वाटणी करायची तर करूया की गड्या! पर माझी रजा तरी मंजूर होऊ दे!"

"कसली वाटणी, दादा?"

"आयनं फोन केलता. रडत हुती. मोटं पातेलं तुला दिलं म्हणली. दे की. माझं काय म्हणनं न्हाई. पर पाटा का दिला?"

आता गल्लीत दहाबारा माणसं जमली होती. दोघेजण सवयीने गाडीत सामान नीट लावून देत होते.

रेश्माने स्टोव्ह खाली उतरवला आणि रंगूबाईंसमोर ठेवला. "आत्या, आम्ही वेगळं निघालो नाही. एक रात्र पठारावर झोपायला चाललोय. उद्या दुपारी माघारी."

"घरात झोपायला जागा न्हाई व्हय?"

"जागा आहे."

"मग?"

याला उत्तर सोपं होतं, पण ते म्हशीमार्फत कसं द्यायचं हे रेश्माला येत नव्हतं.

"लालाभावजी बी आसंच म्हणलं हुतं," रंगूबाई म्हणाल्या. "चारच दिस म्हणलं हुतं. तू तर एकच म्हणतीयास."

आणि त्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बसल्या, मांडीवर हात ठेवून, पाहुणे गेल्यावर बसतात तशा. रेश्माला त्या एकदम लहान दिसल्या. निघावं तर ही बाई रात्रभर अशीच बसून राहणार, आणि न निघावं तर पुन्हा उद्या पहाटे म्हशीला उजाडणार. तिने वीरधवलकडं पाहिलं. तो अजून हौद्याची लांबी मोजत होता.

"मग असं करूया," रेश्मा म्हणाली. बोलताना तिला आपली झोप हातातून निसटताना स्पष्ट दिसत होती. "तुम्हीच चला आमच्यासंगं. वेगळं निघणारं कुणी सासूला घेऊन जातं का?"

गल्लीत कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. असं आजवर कुणी केलेलं नव्हतं.

रंगूबाईंनी वर पाहिलं. "मी?"

"पण एक अट आहे. सकाळी मला कुणी उठवायचं नाही."

"मी कवा उठिवलं तुला?"

"म्हशीला पण उठवायचं नाही."

रंगूबाईंनी पदर नीट केला. बराच वेळ नीट केला. "तितं म्हस कुठं हाय," त्या हळूच म्हणाल्या.

"तेच म्हणते मी."

पाटा, परात, कळशी, सगळं खाली उतरलं. मॅट, दोन वाकळा, उशा, ताडपत्री, स्टोव्ह आणि जेवण राहिलं. रंगूबाईंसाठी तिसरी वाकळ चढली. त्या केबिनमध्ये पुढं बसल्या, नव्या नवरीसारख्या ताठ. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा मनुबाईंनी खिडकीपाशी येऊन विचारलं, "आन् गुंडाभाऊ?"

"ते हाईत हितं," रंगूबाई म्हणाल्या.

मनुबाईंनी तोंडाला पदर लावला. यातून काय अर्थ निघतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी तोवर वळली होती.

पठारावर पोचले तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. पवनचक्क्या संथ फिरत होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या. वीरधवलने गाडी तोंड वाऱ्याकडं करून लावली, म्हणजे केबिनचा आडोसा मिळेल. तिघांनी हौद्याचा मागचा फाळका खाली पाडून त्यावर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. रंगूबाईंनी खरड्याला नाव ठेवलं नाही. पाय हलवत त्या पलीकडच्या डोंगरांकडं बघत होत्या. "ह्या चक्क्या पीठ न्हाई दळत?" त्यांनी विचारलं.

"लाईट तयार करत्यात, आये."

"मग शेताला रातीचीच लाईट का देत्यात?"

वीरधवलकडं याचा व्हिडिओ नव्हता.

झोपायची वेळ झाली तेव्हा तो म्हणाला, "आये, तू केबिनमधी झोप. गारठा लागायचा न्हाई."

"बसून झोपायला मी काय यष्टीत हाय? मला पाय लांब करायला लागत्यात." आणि रंगूबाई हौद्यात चढल्या, रबरी मॅट हाताने दाबून बघितली, तिच्यावर आडव्या झाल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "रेश्मा, ह्यात काय वाईट हाय गं? म्हशीला का पटलं न्हाई?"

"काय माहीत."

"लाडावलीया."

वीरधवल वाकळ घेऊन केबिनमध्ये गेला. त्याला गिअरचा दांडा बरगडीत घ्यायचा का पोटात, एवढाच निर्णय घ्यायचा होता. रेश्मा सासूबाईंशेजारी आडवी झाली. अंगावर वाकळेचं वजन पडलं. आपोआप जाग यायची गोष्ट तिने मनातून सोडून दिली होती. सासू शेजारी असताना पहाट कुठं जाणार, असा विचार तिने सुरू केला आणि तो तिथंच राहिला.

नंतरचं तिला काही माहीत नाही.

तिला जाग आली तेव्हा आधी काही कळेना. कुणी काही बोललेलं नव्हतं. भांडं वाजलेलं नव्हतं. डोळ्यांवर ऊन होतं, चांगलं तापलेलं, पहाटेचं मुळीच नाही. पवनचक्कीच्या पात्याची सावली गाडीवरून जात होती आणि परत येत होती. अंग हलकं झालं होतं, जणू रात्री कुणी तरी त्यातलं सामान उतरवून ठेवलं होतं. आपोआप, तिच्या लक्षात आलं. हीच ती जाग.

तिने मान वळवली. शेजारी रंगूबाई उताण्या पडल्या होत्या. हात पोटावर, पाय जुळवलेले, डोळे सताड उघडे. आभाळाकडं बघत होत्या आणि पापणीही हलवत नव्हत्या. रेश्माने त्यांचा दंड हलवला.

"आत्या!"

"उठलीस व्हय?" रंगूबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"तुम्ही कधी उठलाय?"

"आंधारात."

"मग अशा का पडलाय?"

"उठाय गेले तर गाडी हालाय लागली. पत्रा वाजाय लागला. तू कूस बदललीस. म्हणलं, उठायची ही. मग ऱ्हायले तशीच." आता त्यांनी नाक खाजवून घेतलं. "एक माशी आलती नाकावर. लय वेळ बसली. जाऊ दे म्हणलं."

ही बाई अंधारापासून उन्हापर्यंत, काठीसारखी ताठ, माशी सहन करत पडून राहिली होती. रेश्माने हात पुढं केला आणि रंगूबाईंच्या नाकावर, जिथं आता माशी नव्हती तिथं, उगीच एकदा फुंकर घातल्यासारखं केलं.

"आधी मला खाली उतरू दे," रंगूबाई म्हणाल्या, "मग काय लाड करायचं ते कर."

त्या उतरल्या, लगबगीने झुडपाआड गेल्या आणि आल्यावर बोलल्या ते वेगळ्याच आवाजात. "आभाळ लय मोटं हाय गं. मला ठावंच न्हवतं. सकाळी मी आभाळाकडं बगतच न्हाई कवा. शेणाकडं बगते." मग इकडंतिकडं पाहिलं. केबिनच्या खिडकीतून वीरधवलचा एक पाय बाहेर आला होता आणि तो झोपेत होता. करण्यासारखं काम कुठंच नव्हतं. "आता काय करायचं?"

"पडायचं परत," रेश्मा म्हणाली.

"उठल्यावर?"

"हो."

रंगूबाईंना यात काही तरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सापडेना. त्या पुन्हा हौद्यात चढल्या आणि पडल्या. तेवढ्यात पठारावरून मोटरसायकलचा आवाज आला.

गुंडातात्या होते. मोटरसायकलच्या टाकीवर गुंडाळलेली वाकळ, मागं दुधाची किटली, आणि चेहरा असा, जसा कोर्टात जाताना असतो. रंगूबाईंनी मान उचलून पाहिलं आणि झटकन खाली घातली.

"सांग झोपलीया म्हणून," त्या कुजबुजल्या आणि डोळे मिटून घेतले.

तात्या उतरले, गाडी स्टँडला लावली. "रेश्मा," ते म्हणाले, "डेअरीत चौगांनी इच्यारलं मला. तुमची मंडळी पोराच्या वाटणीत गेली म्हणं. मनुबाईनं सगळ्या गल्लीला सांगितलंया. मग मी कुणाच्या वाटणीत हाय, त्येवडं तरी सांगा. म्हणजे मी तसं अंथरूण टाकतो."

"मामा, हळू बोला. आत्या झोपल्यात."

तात्यांनी सूर्याकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. मग परत सूर्याकडं. "आत्ता?"

"हो."

"बरं न्हाई व्हय तिला?"

"चांगल्या आहेत. नुसत्या झोपल्यात."

तात्या पाय न वाजवता हौद्यापाशी आले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी रंगूबाईंना उन्हात झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी टाकीवरची वाकळ सोडली आणि हळूच, पत्रा वाजणार नाही अशा बेताने, रंगूबाईंच्या पायांवर टाकली. वाकळेखाली एक अंगठा हलला, पण ते रेश्मालाच दिसलं.

"मॅट हाय व्हय खाली?" त्यांनी विचारलं. "म्हशीची?"

"हो."

"मी म्हणतच हुतो, मॅट चांगली हाय." ते दगडावर बसले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. रोजच्या या वेळी त्यांच्या हातात काही तरी गरम असायचं. "मग चा कोन करणार?"

रेश्माने फाळक्यावरच्या स्टोव्हकडं पाहिलं. उठून करायला तिला काहीच अवघड नव्हतं. ती आडवी झाली आणि वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "मी पण झोपलीय, मामा," ती म्हणाली.

तात्यांनी हे ऐकून घेतलं. मग उठले, किटलीतलं दूध पातेल्यात ओतलं, स्टोव्हला काडी लावली, ती विझली, दुसरी लावली. डबे उघडून वास घेत चहापत्ती शोधली. साखर मात्र लगेच ओळखली आणि मूठ भरून टाकली.

"साकर कमी टाका," हौद्यातून झोपलेल्या रंगूबाईंचा आवाज आला.

तात्यांनी आवाज कुठून आला ते विचारलं नाही. त्यांनी चमचा घेतला आणि पातेल्यात वाकून, टाकलेली साखर परत काढता येते का ते बघू लागले.